डीप स्पेस नाईन संपवली, आता कुठली कादंबरी घेऊ? एकच नाव सांगा

खानापूर_पाऊस
नमस्कार मंडळी. स्टार ट्रेकमधल्या डीप स्पेस नाईन मालिकेचे सातही सीझन संपवले, १७६ एपिसोड, आणि आता ते अंतराळातलं स्टेशन डोक्यातनं जाईना झालंय. स्टार ट्रेकवर इंग्रजीत ढीगभर कादंबऱ्या आहेत हे माहितीय पण कुठनं सुरू करायचं तेच कळंना. एक वाचून बघितली, ती म्हणजे एपिसोडच परत लिहून काढलेला, तेच प्रसंग, तेच संवाद, बघितलेलंच परत वाचून काय करू सांगा. मला असं पुस्तक पाहिजे ज्यात मालिकेत न दाखवलेलं काहीतरी कळेल आणि माणसं मात्र मालिकेतल्यासारखीच बोलतील. आणि माझं शिक्षण मराठी मीडियमचं आहे, इंग्रजी वाचतो पण दर ओळीला डिक्शनरी उघडायला लागली की पुस्तक बाजूला पडतं. तुमचं सगळ्यात आवडतं कुठलं, आणि का? मला सगळ्यात जास्त गारक आवडतो, स्टेशनवरचा तो कार्डासियन टेलर, आधी हेर असलेला, तेवढं सांगून ठेवतो.

शहापूर_कात्री
गारक आवडतो म्हणालास म्हणजे विषय संपला की भावा. 'अ स्टिच इन टाइम' घे. सन २००० ला आली, आणि लिहिलीय कुणी तर अँड्र्यू रॉबिन्सननं, म्हणजे गारकचं काम करणाऱ्या नटानंच! मालिका चालू असताना तो गारकच्या नावानं डायरी लिहायचा आणि फॅन लोकांच्या संमेलनात वाचून दाखवायचा, त्यातनंच ही कादंबरी झाली. म्हणून त्यातला गारक ऐकू येतो, वाचावा लागत नाही.

सगळी कादंबरी म्हणजे गारकनं स्टेशनवरच्या त्याच्या दोस्ताला, डॉक्टर बशीरला लिहिलेलं एक लांबलचक पत्र. तीन काळ एकमेकांत गुंफलेत. एक त्याचं लहानपण, दुसरा डोमिनियन युद्धाचे स्टेशनवरचे शेवटचे दिवस, आणि तिसरा युद्धानंतरचा, कार्डासिया म्हणजे त्याचा ग्रह जमीनदोस्त झाल्यानंतरचा. मालिका जिथं थांबते ना, कोट्यवधी मेलेत, शहर राख झालंय आणि हा म्हणतो आता घरी जातो, त्याच्या पुढं काय झालं ते यात आहे. टेनच्या, म्हणजे त्याच्या हेरखात्याचा प्रमुख असलेल्या बापाच्या, पडलेल्या घरामागच्या शेडमध्ये राहतो आणि ढिगारा उपसत बसतो. उपसलेले दगड एकावर एक रचत जातो, आणि हळूहळू लोक तिथं येऊन उभे राहायला लागतात, कारण आपल्या मेलेल्या माणसांसाठी उभं राहायला दुसरी जागाच उरलेली नसते. ते वाचताना मला पुस्तक खाली ठेवावं लागलं होतं.

लहानपणाचा भाग तर काय सांगू. बामारेन नावाच्या शाळेत घालतात त्याला, तिथं पोरांची नावं काढून घेतात आणि नंबर देतात. उजाड माळावर त्याला रेग्नार नावाचा सरड्यासारखा एक प्राणी सापडतो, आजूबाजूच्या रंगात मिसळून दिसेनासा होणारा. त्याच्याकडं बघून बघून हा पोरगा दिसेनासं व्हायला शिकतो आणि त्या प्राण्याला आईचं नाव ठेवतो, मिला. पुढं तो जे काही होतो त्याचं मूळ त्या तेवढ्या पानांत आहे.

माझ्या बाबांचं टेलरिंगचं दुकान आहे, त्यामुळं गारक टेलर का हे मला पहिल्यापासून पटलेलं. टेप गळ्यात, कानावर पेन्सिल, छातीचं माप घेताना गिऱ्हाईक हात वर करून उभं असतं आणि त्या अवस्थेत माणूस काहीही बोलून जातं, पोरीचं लग्न ठरेना, भावानं जमीन लिहून घेतली, सगळं. बाबा वहीत आकडे मांडत नुसतं "हं, हं" करतात. हेराला यापेक्षा चांगलं दुकान मिळणार नाही.

इंग्रजी अवघड नाही. गारकसारखंच गोड आणि तिरकं आहे, पण वाक्यं सरळ.

निपाणीची_वाचनवेडी
शहापूरवाल्या दादांचं सगळं मान्य, पण माझं आवडतं वेगळं. ऊना मॅककॉर्मॅक यांची 'द नेव्हर-एंडिंग सॅक्रिफाइस', २००९ ची.

दुसऱ्या सीझनमधला 'कार्डासियन्स' एपिसोड आठवतोय का? कार्डासियानं बजोर ग्रहावर बरीच वर्षं कब्जा केलेला, त्यातनं मागं राहिलेला रूगाल नावाचा कार्डासियन मुलगा, बजोरी आईवडिलांनी वाढवलेला, कानात बजोरी डूल, स्वतःच्या जातीच्या लोकांचा तिरस्कार करणारा. शेवटी स्टेशनचा प्रमुख सिस्को ठरवतो की त्याला जन्मदात्या बापाकडं कार्डासियाला पाठवायचं. एपिसोड संपतो, मुलगा जातो, विषय मिटला. मला तेव्हा इतका राग आलेला! त्या पोराला कुणी नीट विचारलंसुद्धा नाही. या कादंबरीत त्या मुलाचं पुढचं सगळं आयुष्य आहे. परक्या वाटणाऱ्या "स्वतःच्या" घरात राहणं, करारी आजी, राजकारणात अडकलेला बाप, मग युद्ध, आणि मनात कायम बजोर. स्टेशनवरचे हिरो यात फार कमी येतात. सगळं राजकारण खालनं दिसतं, ज्यांच्या डोक्यावरनं करार होतात त्यांच्या नजरेतनं.

आपण सीमाभागातली माणसं, १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि रेषा कुठनं गेली ते आपल्या आजी-आजोबांना कुणी विचारायला आलं नव्हतं. घरात मराठी, तहसीलला गेलं की कन्नड, बाजारात दोन्ही, आणि पुण्यामुंबईला गेलं की "तुम्ही कर्नाटकातले का" म्हणून वर प्रश्न. रूगालला कार्डासियात बजोरी म्हणतात आणि बजोरवर तो दिसतो कार्डासियन. मला ते पुस्तक समजावून सांगायची गरजच पडली नाही. आणि लेखिकेनं कुठल्याच बाजूला राक्षस केलेलं नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्याची आजीसुद्धा, जी सुरुवातीला नको नको होते, तिलाही स्वतःचं काहीतरी आहे.

खानापूर_पाऊस
ताई, तो एपिसोड बघून मी पण असाच गप्प बसलेलो. आता दोन नावं झाली, पंचाईत झाली की. आधी कुठलं? आणि पुस्तकं मिळणार कुठं, आमच्या इथं तर शोधूलोय पण कुणाला नावपण माहीत नाही.

टिळकवाडीचे_काका
मी थोडा वेगळा सूर लावतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी जुना स्टार ट्रेक लागायचा, तेव्हापासूनचा मी प्रेक्षक. एपिसोड परत लिहून काढलेल्या पुस्तकांना एवढं कमी लेखू नका. ब्रिटनमध्ये बीबीसीनं आपल्या डॉक्टर हू या विज्ञानकथा मालिकेचे जुने भाग टेपवरनं पुसून टाकले, व्हिडिओ कॅसेट अजून घरोघरी यायच्या होत्या, एकदा लागलेला भाग परत बघायला मिळेलच असं नव्हतं. १९७३ पासून टार्गेट या प्रकाशनाची, तेच भाग गोष्टीरूपात लिहिलेली छोटी पुस्तकं यायला लागली आणि तिथल्या पोरांसाठी तीच मालिका होती. टेरन्स डिक्स या एका माणसानं साठाच्या वर लिहिली. साधी, स्वच्छ, वेगवान इंग्रजी. मराठी मीडियमच्या पोरानं इंग्रजी वाचनाची सवय त्यावर लावावी असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी मला एकच नाव सांगा म्हटलं तर डॉक्टर हूवरचीच पॉल कॉर्नेलची 'ह्यूमन नेचर', १९९५. मालिका तेव्हा बंद पडलेली होती, १९८९ लाच, आणि तिचा नायक, परग्रहावरचा 'डॉक्टर', कादंबऱ्यांतच जगत होता. यात तो स्वतःहून माणूस होतो, १९१४ च्या इंग्लंडमध्ये शाळामास्तर, स्वतः कोण होतो हेच विसरलेला, आणि एका बाईच्या प्रेमात पडतो. समोर महायुद्ध, आणि शाळेत पोरांना बंदूक धरायला शिकवतायत. पुढं २००७ ला त्याच लेखकानं यावरनं टीव्हीसाठी दोन भाग लिहिले. टीव्हीत डॉक्टर शत्रूपासून लपायला माणूस होतो, पुस्तकात मात्र माणसाचं दुःख आतनं कसं असतं ते कळावं म्हणून. मला पुस्तकातलं कारण कितीतरी मोठं वाटतं. मालिकेवरच्या पुस्तकातनं उलट मालिकाच तयार व्हावी, यापेक्षा अजून काय पाहिजे.

जॉन एम. फोर्ड यांची 'द फायनल रिफ्लेक्शन' (१९८४) पण कधीतरी वाचा, स्टार ट्रेकचीच, सगळी क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांच्या बाजूनं.

शहापूर_कात्री
काका, ह्यूमन नेचर भारीच, पण या भावाला आत्ता गारक पाहिजे हो 🙂 आधी स्टिच, मग सॅक्रिफाइस असंच घे. स्टिचमध्ये कार्डासिया आतनं कसा चालतो ते अंगात मुरतं, मग रूगाल तिथं जाऊन पडतो तेव्हा तो कुठं पडलाय ते तुला त्याच्या आधी कळलेलं असतं.

छापील जुनी प्रत शोधत बसू नको, ईबुक घे. आणि २०२३ ला स्टिचचं ऑडिओबुक आलंय, रॉबिन्सननं स्वतः वाचलंय! मी पुस्तक समोर धरून ऐकलं, अडलेला शब्द त्याच्या आवाजावरनंच कळतो. तुझी डिक्शनरीची अडचण तिथंच सुटली.

निपाणीची_वाचनवेडी
हा क्रम मलाही चालेल. छापीलच पाहिजे असेल तर बंगळूरला चर्च स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसला बसलं की सकाळी तिथं. नेमकं हेच मिळेल असं नाही, पण स्टार ट्रेकची जुनी पुस्तकं तिथं मला मिळालीत.

सुरू करायच्या आधी दुसऱ्या सीझनमधला 'द वायर' परत बघ. गारक बशीरला जे कार्डासियन पुस्तक वाचायला देतो आणि बशीरला जे कंटाळवाणं वाटतं, त्याचंच नाव मॅककॉर्मॅक यांनी आपल्या कादंबरीला दिलंय. आणि स्टिचच्या सुरुवातीला नावं भराभर येतात, पिथास, पालंडीन, बार्कन, एका कागदावर कोण कुणाचं ते लिहून ठेव. पालंडीनच्या नावाखाली थोडी जागा सोड.