ध्वज चांगला की वाईट, हे कोणी ठरवायचे?

चर्चाप्रस्ताव

ध्वजांच्या अभ्यासकांत आणि हौशी मंडळींत गेली काही वर्षे पाच कसोट्यांचा बोलबाला आहे. ध्वज मुलाला आठवणीतून काढता येईल इतका सोपा असावा, त्यातील चिन्हांना अर्थ असावा, रंग दोन-तीनच असावेत, त्यावर अक्षरे किंवा राजमुद्रा नसावी आणि तो इतरांहून वेगळा दिसावा. उत्तर अमेरिकेतील ध्वजशास्त्र संघटनेने प्रसृत केलेल्या या कसोट्या नवा आराखडा करणाऱ्याला उपयोगी आहेत, याबद्दल माझा वाद नाही. परंतु कित्येक पिढ्यांच्या आनंदात आणि शोकात फडकलेल्या ध्वजालाही आता याच कसोट्यांवर गुण देऊन नापास केले जाते, याला माझा आक्षेप आहे. ध्वजाची योग्यता त्याखाली उभे राहिलेल्या लोकांनी ठरवायची असते.

दक्षिण आफ्रिकेचा ध्वज पाहा. २७ एप्रिल १९९४ रोजी तो केवळ तात्पुरता म्हणून स्वीकारला गेला. त्यात सहा रंग आहेत, म्हणजे कसोटीच्या दुप्पट. तरीही लोकांनी तो इतका आपलासा केला की पुढे राज्यघटनेने त्यालाच कायम केले. गयानाच्या ध्वजात पाच रंग आहेत आणि त्याचा मूळ आराखडा आधुनिक ध्वजशास्त्राचा पाया घालणाऱ्या व्हिटनी स्मिथ यांचा आहे. उलट न्यूझीलंडमध्ये दहा हजारांहून अधिक आराखडे आले, अंतिम पर्याय निश्चितच रेखीव होता, आणि मार्च २०१६ च्या सार्वमतात सुमारे ५७ टक्के मतदारांनी जुनाच ध्वज राखला.

प्रतिसाद १

आपण दिलेली उदाहरणे आपल्याच विरोधात जातात, असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या ध्वजातील रंग मोजण्याऐवजी ते कसे मांडले आहेत ते पाहावे. हिरव्या पट्ट्याला लाल आणि निळा रंग थेट भिडत नाहीत, मध्ये पांढरी कड आहे. काळा त्रिकोण आणि हिरवा यांच्यामध्ये पिवळी कड आहे. दोन गडद रंगांमध्ये फिका रंग घालावा, हा युरोपीय कुलचिन्हांच्या परंपरेतील जुना नियम तिथे काटेकोरपणे पाळलेला आहे, म्हणूनच सहा रंग असूनही ध्वज लांबून स्वच्छ ओळखू येतो. गयानाच्या ध्वजातील काळी आणि पांढरी कडही मूळ आराखड्यात नव्हती. ती ब्रिटनच्या कुलचिन्ह कार्यालयाच्या सूचनेवरून आली.

ध्वज हे वाऱ्यावर हलणारे कापड आहे, ते दुरून आणि बहुतेक वेळा दुमडलेल्या अवस्थेत पाहिले जाते. कॅनडाच्या मेपलच्या पानाची टोके कमी करून ११ वर आणली, ती याच जाणिवेने. तो ध्वज लोकांच्या प्रेमातून जन्मलेलाही नाही. १९६४ मध्ये संसदेत त्यावर महिनोन्महिने कडाक्याचा वाद झाला आणि अखेरीस १६३ विरुद्ध ७८ मतांनी तो संमत झाला. आज त्याच्याबद्दल जी आत्मीयता आहे तिचे बरेचसे श्रेय त्या स्वच्छ आराखड्याला द्यावे लागेल.

प्रतिसाद २

दोन्ही बाजू 'लोक' म्हणताना कोणाला मोजतात, हा माझा प्रश्न आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने मे २०२४ मध्ये ध्वज बदलला. जुना ध्वज म्हणजे निळ्या कापडावर राज्यमुद्रा, आणि तेवढ्यावरून अभ्यासकांनी तो कधीच निकालात काढला होता. पण त्या मुद्रेत नांगरणारा शेतकरी आणि घोड्यावरून जाणारा मूलनिवासी माणूस होता, आणि ज्यांच्या पूर्वजांची भूमी गेली त्यांना त्या चित्राचा अर्थ फार स्पष्ट कळत होता. अशा ठिकाणी बहुसंख्यांची आत्मीयता हा पुरेसा आधार ठरत नाही. शिवाय मुद्रा बारीक असल्यामुळेच तिच्यातील अन्याय बहुतेकांच्या नजरेतून वर्षानुवर्षे निसटला, हेही लक्षात घ्यावे.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

मिनेसोटाचे उदाहरण मला मोलाचे वाटते, कारण तिथे बदलाचे सबळ कारण अर्थात होते. मुद्रेऐवजी तेच दृश्य तीन ठळक रंगांत, मुलालाही काढता येईल असे रेखाटले असते, तरी अन्याय तसाच राहिला असता. पाच कसोट्यांपैकी चारांना हा दोष दिसत नाही, आणि अर्थाची कसोटी तो अर्थ कोणाला दुखावतो हे विचारत नाही.

कॅनडाबद्दल मात्र मी सहमत नाही. चाड आणि रोमानिया यांचे ध्वज जवळजवळ सारखे आहेत, निळा, पिवळा, लाल असे तीन उभे पट्टे. इंडोनेशिया आणि मोनॅको यांच्यातही मुख्य फरक लांबी-रुंदीच्या प्रमाणाचाच आहे. आत्मीयता आराखड्यातून येत असती, तर एकाच आराखड्याने इतक्या भिन्न समाजांत इतके भिन्न अर्थ कसे धारण केले असते? वेल्सचा लाल ड्रॅगन तर कोणत्याही मुलाला आठवणीतून नीट काढता येणार नाही.

प्रतिसाद १

ड्रॅगनचे खवले कोणीच आठवत नाही. पांढऱ्या-हिरव्यावरची लाल आकृती आठवते, आणि सोपेपणाचा अर्थ तेवढाच आहे. न्यूझीलंडच्या निकालाचा आपण लावलेला अर्थही मला घाईचा वाटतो. तिथे २०१५ च्या पहिल्या सार्वमतात पाच नव्या आराखड्यांतून एक निवडायला सांगितले आणि बदल हवा की नको, हे दुसऱ्या फेरीत विचारले. ज्यांना बदल हवा होता पण निवडून आलेला आराखडा पसंत नव्हता, त्यांना जुन्या ध्वजाला मत देण्यावाचून गत्यंतर नव्हते. ती सगळी मते जुन्या ध्वजाच्या प्रेमाची म्हणून मोजता येत नाहीत.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

प्रश्नांच्या क्रमाबद्दलचा आपला आक्षेप रास्त आहे, आणि त्यातूनच माझी मागणी निघते. ध्वज बदलू पाहणाऱ्या कोणत्याही समितीने आराखडे मागवण्यापूर्वी सध्याच्या ध्वजात कोणाला काय दिसते आणि काय सलते, हे उघडपणे विचारून नोंदवावे, आणि बदल हवा की नको याचा कौल तेव्हाच घ्यावा. रेखीवपणाची चर्चा त्यानंतर जरूर व्हावी, आणि तेव्हा आपल्यासारख्या जाणकारांचा शब्द मी प्रमाण मानीन.