ऊर्जेचे साठे, स्थानांतरण आणि स्रोत : वीज व प्रकाश हे साठ्यांच्या यादीत का नाहीत?

जिज्ञासू (प्रश्न)

शालेय भौतिकशास्त्रातील ऊर्जेचा धडा एका विद्यार्थिनीला समजावून देत असताना माझ्यापुढे तीन शंका उभ्या राहिल्या आहेत. त्या एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे एकत्रच मांडतो.

आम्ही शिकलो तेव्हा ऊर्जेची रूपे शिकलो होतो. गतिज, स्थितिज, औष्णिक, रासायनिक, विद्युत, प्रकाश, ध्वनी आणि आण्विक अशी ती यादी होती, आणि दिव्यात ‘विद्युत ऊर्जेचे प्रकाश ऊर्जेत रूपांतर होते’ असे उत्तर लिहिले की पूर्ण गुण मिळत. या विद्यार्थिनीच्या हाती जे साहित्य आहे त्यात मात्र ‘ऊर्जेचे साठे’ अशी मांडणी आहे. त्यात गतिज, गुरुत्वीय, स्थितिस्थापक, औष्णिक, रासायनिक, आण्विक, चुंबकीय आणि स्थिरविद्युत असे आठ साठे दिले आहेत, आणि एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात ऊर्जा जाण्याचे चार मार्ग सांगितले आहेत : यांत्रिक कार्य, विद्युतप्रवाहाद्वारे होणारे कार्य, तापमानातील फरकामुळे होणारे उष्णतेचे संक्रमण आणि प्रारण (म्हणजे प्रकाशासारख्या लहरींद्वारे होणारे स्थानांतरण). वीज, प्रकाश आणि ध्वनी यांना साठ्यांच्या यादीतून का वगळले, ही पहिली शंका.

दुसरी अशी. २ किलोग्रॅमचा दगड १.५ मीटर उचलला की त्यात २९.४ ज्यूल ऊर्जा साठते असे आपण म्हणतो. पण तो दगड कितीही तपासला तरी वर असताना आणि खाली असताना त्याच्यात काहीच फरक आढळत नाही. मग ही ऊर्जा आहे तरी कुठे? आणि दगड पडून स्थिर झाल्यावर ती कुठे जाते?

तिसरी शंका त्या विद्यार्थिनीचीच आहे, आणि तिला मला समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. ऊर्जा कधीच नष्ट होत नसेल, तर ऊर्जेचे स्रोत संपतात कसे?

लंबक

आपल्या पहिल्या दोन शंकांचे उत्तर देतो. तिसरी या विषयात अधिक मुरलेल्या सभासदांसाठी ठेवतो.

ऊर्जा हा दगडात किंवा तारेत भरलेला एखादा पदार्थ नव्हे. ती एक गणिती राशी आहे. बाह्य जगापासून अलग असलेल्या कोणत्याही व्यवस्थेसाठी ती मोजली, तर त्या व्यवस्थेत काहीही घडले तरी तिची बेरीज बदलत नाही, आणि हेच तिचे सारे महत्त्व आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना किर्द-खतावणीची उपमा देतो. साठे म्हणजे खतावणीतील खाती. कोणत्याही क्षणी त्या खात्यावर किती शिल्लक आहे हे सांगता आले पाहिजे. स्थानांतरण म्हणजे किर्दीतील नोंद. तिला शिल्लक नसते, फक्त ‘अमुक खात्यातून तमुक खात्यात इतके’ एवढेच तिच्यात असते.

आता विजेकडे पाहा. २००० वॅटची पाणी तापवण्याची किटली चालू असताना तिच्यात दर सेकंदाला २००० ज्यूल येत असतात; परंतु तारेमध्ये, उपयोगात आणता येईल अशी, जवळजवळ काहीच ऊर्जा साठलेली नसते. कळ बंद करताच पुरवठा थांबतो, आणि ‘तारेत उरलेल्या’ विजेवर पाणी आणखी थोडे तापले असे कधी घडत नाही. दीड लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे ५ लाख ज्यूल लागतात. ते वीजकेंद्राकडील कोळशाच्या किंवा धरणातील पाण्याच्या साठ्यातून कमी होतात आणि पाण्याच्या औष्णिक साठ्यात जमा होतात. मधली तार हा केवळ मार्ग आहे. विद्युतघट हा मात्र खरोखरीचा साठा आहे, पण तो रासायनिक साठा आहे. धारित्र अर्थात कपॅसिटर भारित करून बाजूला ठेवला, तर त्याच्या पट्ट्यांमधील विद्युतक्षेत्रात ऊर्जा टिकून राहते, आणि स्थिरविद्युत साठा आपल्या यादीत आहे तो याचसाठी. सारांश, यादीतून वीज हद्दपार झालेली नसून विद्युतप्रवाह तेवढा खतावणीतून उचलून किर्दीत नेला आहे. ध्वनीचेही तसेच : हवेचे कण पुढेमागे होतात, एकमेकांवर कार्य करतात, आणि काही क्षणांतच ती ऊर्जा भिंती, पडदे व हवा यांच्या औष्णिक साठ्यात विरून जाते.

दुसऱ्या शंकेत आपण म्हणता की दगडात फरक दिसत नाही, आणि तो दिसणारही नाही, कारण ते २९.४ ज्यूल एकट्या दगडाचे नाहीतच. ते दगड आणि पृथ्वी या जोडीचे आहेत आणि त्या दोघांमधील अंतरावर अवलंबून आहेत. ‘दगडातील स्थितिज ऊर्जा’ हा सोयीचा शब्दप्रयोग आहे, पण विद्यार्थ्याला तो अक्षरशः घेऊ दिला की पुढे गोंधळ होतो. असाच पण याहून मोठा गोंधळ इंधनाबाबत होतो. ‘इंधनाच्या रासायनिक बंधांत ऊर्जा कोंडलेली असते आणि बंध तुटले की ती बाहेर पडते’ हे वाक्य फार ऐकू येते, आणि ते उलटे आहे. बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. नवे बंध जुळताना ती मिळते. सरासरी बंधऊर्जांवरून अंदाज केला, तर एक मोल मिथेन आणि त्याला लागणारा ऑक्सिजन यांचे बंध तोडण्यास साधारण २६५० किलोज्यूल लागतात, आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होताना साधारण ३४५० किलोज्यूल मिळतात. हाती येते ती या दोहोंतील सुमारे ८०० किलोज्यूलची वजाबाकी. म्हणजे हा साठाही एकट्या मिथेनचा नसून मिथेन आणि ऑक्सिजन या जोडीचाच आहे.

दगड पडताना जमिनीला टेकण्याच्या क्षणी त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर असतो. हवेचा विरोध नगण्य मानला तर तेव्हा सर्व २९.४ ज्यूल गतिज साठ्यात असतात. त्यानंतर थोडी ऊर्जा आवाजावाटे जाते, आणि अखेरीस सगळीच दगड, जमीन आणि भोवतालची हवा किंचित तापवते. ‘किंचित’ म्हणजे किती ते पाहण्यासाठी दगडाऐवजी २ किलोग्रॅम पाणी घ्या आणि सर्व ऊर्जा त्याच पाण्यात राहिली असे माना. त्याचे तापमान केवळ ०.००३५ अंशाने वाढेल. ही वाढ इतकी सूक्ष्म असल्यामुळेच पडलेल्या वस्तूची ऊर्जा ‘नाहीशी होते’ असे माणसाला दीर्घकाळ वाटत राहिले. इंग्लंडमधील जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात, खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून हीच वाढ चिकाटीने मोजली. १ पौंड पाण्याचे तापमान १ अंश फॅरनहाइटने वाढवण्यास ७७२ पौंड वजन १ फूट खाली यावे लागते, असा आकडा त्यांनी १८५० साली प्रसिद्ध केला, आणि तो आजच्या मूल्याच्या अगदी जवळ आहे.

किरणशलाका

लंबक यांचे विवेचन मला मान्य आहे, पण प्रकाशाबाबत ते हात राखून बोलले आहेत. सूर्यापासून निघालेला प्रकाश पृथ्वीपर्यंत पोहोचण्यास सुमारे ५०० सेकंद लागतात. त्या अवधीत ती ऊर्जा सूर्याच्या खात्यावर नाही आणि पृथ्वीच्याही खात्यावर नाही. बेरीज प्रत्येक क्षणी जुळायची असेल, तर ती प्रकाशातच असली पाहिजे, आणि ती तिथे खरोखर असते. वातावरणाबाहेर सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे १३६१ ज्यूल पडतात. प्रकाश सेकंदाला ३० कोटी मीटर जातो, म्हणून त्या उन्हाच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे ४.५ मायक्रोज्यूल ऊर्जा भरलेली असते.

म्हणून ‘प्रारण हा केवळ मार्ग आहे’ हा निसर्गनियम नसून शिकवण्याच्या सोयीचा करार आहे, असे माझे मत आहे. शालेय प्रश्नांमध्ये तो करार चालतो, कारण तिथे अंतरे लहान असतात आणि ४.५ मायक्रोज्यूल हिशेबात धरण्याजोगे नसतात. परंतु चौकस विद्यार्थ्याने नेमका हा प्रश्न विचारला, तर त्याला यादीकडे बोट दाखवून गप्प करू नये. रूपांची जुनी यादी चुकीची होती असेही मला वाटत नाही. दोष तिच्यामुळे लागलेल्या सवयीचा होता : ‘अमुक ऊर्जेचे तमुक ऊर्जेत रूपांतर’ एवढी नावे जोडली की विद्यार्थ्याला काही समजल्याचा भास होई, पण किती ज्यूल, कोठून कोठे आणि कशामुळे, यांपैकी काहीही त्याला सांगावे लागत नसे.

जिज्ञासू

दोघांचेही आभार. रासायनिक साठा हा इंधन आणि ऑक्सिजन या जोडीचा आहे, हे इतके स्पष्ट मी प्रथमच वाचले. आता तिसऱ्या शंकेची वाट पाहतो. ‘ऊर्जा वाया जाते’ असे आपण सर्रास म्हणतो, आणि अक्षय्यतेचा नियम शिकवल्यानंतर लगेच पुढच्या पानावर हेच वाक्य शिकवावे लागते, त्याची सांगड कशी घालावी?

जलचक्र

अक्षय्यतेचा नियम फक्त बेरजेबद्दल बोलतो. ती ऊर्जा कोणाच्या कामी येईल की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. त्यासाठी दुसरा नियम आहे, आणि शाळेत तो नावाने शिकवला नाही तरी त्याचा आशय सांगायलाच हवा, नाहीतर ही विसंगती विद्यार्थ्याच्या मनात घर करून राहते.

समुद्राचे पाणी घ्या. त्याच्या औष्णिक साठ्यात अफाट ऊर्जा आहे. तरीही केवळ त्या पाण्याची उष्णता शोषून जहाज चालवता येत नाही, कारण जहाज, हवा आणि पाणी जवळजवळ एकाच तापमानाला आहेत. काम करून घेण्यासाठी फरक लागतो : उष्ण आणि थंड यांतील, उंच आणि सखल यांतील, किंवा इंधन व ऑक्सिजन वेगवेगळे असणे आणि त्यांचा संयोग झालेला असणे यांतील. ज्याला आपण ऊर्जास्रोत म्हणतो तो माझ्या दृष्टीने असा फरक अजून शिल्लक असलेला साठा आहे. तो वापरला की ज्यूल तितकेच राहतात, पण ते भोवतालच्या असंख्य रेणूंमध्ये पातळ होऊन पसरतात, आणि ते पुन्हा गोळा करायचे तर दुसरीकडचा एखादा फरक खर्ची घालावा लागतो.

फ्रेंच अभियंता सादी कार्नो यांनी १८२४ साली उष्णतेवर चालणाऱ्या यंत्रांची जी मर्यादा दाखवली, ती याच कारणामुळे आहे. वाफ ५५० अंश सेल्सिअसला आणि भोवताल २७ अंशांना असेल, तर केल्विनमध्ये ही तापमाने ८२३ आणि ३०० होतात, आणि आदर्श यंत्रालाही सुमारे ६४ टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. प्रत्यक्षात कोळशावरील वीजकेंद्रे बहुधा ३३ ते ४५ टक्क्यांच्या पट्ट्यात असतात. उरलेली ऊर्जा थंड करणाऱ्या पाण्यातून आणि धुराड्यातून जाते. तिला ‘वाया गेलेली’ म्हणायचे ते याच अर्थाने, आणि ती पूर्णपणे टाळणे उत्तमोत्तम अभियंत्यालाही शक्य नाही.

स्रोतांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा, प्रत्येक स्रोत कोणत्या साठ्यावर उभा आहे हे विचारणे मला अधिक फलदायी वाटते. वारा, नद्यांचे वाहते पाणी, लाकूड आणि जीवाश्म इंधने यांचा माग काढत गेले की सूर्य येतो, आणि सूर्यामागे हायड्रोजनच्या केंद्रकांचा संयोग, म्हणजे आण्विक साठा. युरेनियम सूर्यमालेच्याही आधीच्या ताऱ्यांच्या अवशेषांतून आले आहे. भूगर्भातील उष्णता काही अंशी पृथ्वी घडतानाची आणि काही अंशी युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सारी क्षयातून आलेली आहे. भरती-ओहोटीचे उत्तर तर विद्यार्थ्यांना चकित करते. फ्रान्समधील रांस नदीच्या मुखाशी १९६६ पासून २४० मेगावॅट क्षमतेचे केंद्र चालू आहे, आणि त्याची ऊर्जा मुख्यतः पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या गतिज साठ्यातून येते. चंद्राचे आकर्षण हा तो साठा उपसण्याचा मार्ग आहे. अशी केंद्रे नसली तरी भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस शतकाला सुमारे २ मिलिसेकंदांनी लांबतच आहे.

नवीकरणीय आणि अनवीकरणीय यांतील भेद साठा भरण्याचा वेग आणि उपसण्याचा वेग यांच्या तुलनेत आहे. आजच्या कोळशाचा मोठा भाग सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींपासून बनला. तशी प्रक्रिया आजही कोठे चालू असली, तरी आपल्या उपशापुढे तिचा वेग शून्यच म्हणावा लागेल. याच कसोटीवर लाकूड दोन्ही बाजूंना बसू शकते : जंगल वाढते त्याहून वेगाने तोडले, तर तोही संपणारा स्रोत आहे.

जीवाश्म इंधनांचा मोह इतका का सुटत नाही, हे उंचावरील पाण्याशी तुलना केली की कळते. वेल्समधील डिनॉर्विग येथे १९८४ पासून उदंचन जलविद्युत केंद्र आहे. मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरज पडताच सुमारे ५०० मीटर खाली सोडायचे, अशी ती योजना आहे. अशा केंद्रांत घातलेल्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांश परत मिळते. ५०० मीटर उंचीवरील एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाण्याच्या गुरुत्वीय साठ्यात ४९ लाख ज्यूल असतात, तर एक लिटर पेट्रोल जाळून सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल मिळतात. म्हणजे एका लिटरची बरोबरी करण्यास जवळजवळ साडेसहा हजार लिटर पाणी त्या उंचीवर चढवून ठेवावे लागेल.

एक सूचना शेवटी करतो, कारण परीक्षेत हा प्रश्न हटकून फसवतो. वीज आणि हायड्रोजन यांना ऊर्जास्रोतांच्या रकान्यात बसवू नये. वीज हा मार्ग आहे हे वर आलेच आहे. हायड्रोजन हा साठा आहे, पण पृथ्वीवर तो मुक्त स्वरूपात फारच थोडा सापडत असल्यामुळे बहुतेक वेळा पाणी किंवा नैसर्गिक वायूपासून वेगळा करून घ्यावा लागतो. आणि पाण्याचे विघटन करून तो मिळवला, तर तो जाळून परत येणाऱ्या ऊर्जेपेक्षा अधिक ऊर्जा आधीच खर्च झालेली असते.