विषय: घर विकून आरव्हीत राहायला निघालोय, कागदोपत्री राज्य कोणतं करावं?

एडिसन, न्यू जर्सी – रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

बऱ्याच जणांच्या कानावर आलंच असेल. ३१ वर्षं राहिलो ते घर आम्ही विकतोय. सप्टेंबरात क्लोजिंग (विक्रीचा शेवटचा व्यवहार) आहे. त्यानंतर ३१ फुटी क्लास सी मोटरहोम (म्हणजे आरव्ही, राहण्याची सोय असलेली गाडी), आम्ही दोघं आणि देव्हारा. भाड्याचा फ्लॅट ठेवणार नाही, स्टोरेज युनिटसुद्धा नाही.

प्रश्न असा, की घरच नसेल तर आम्ही कोणत्या राज्याचे? लायसन्स, गाडीची नोंदणी, इन्शुरन्स, मतदान, सगळीकडे पत्ता लागतो. आमच्या वेळी इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला डोमिसाइल सर्टिफिकेट काढायला तहसील कचेरीत फेऱ्या मारल्या होत्या, १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा जोडून. इथे असा कागद कोणी देत नाही, आपणच ठरवायचं म्हणे.

वाचून तीन नावं पुढे आली आहेत: साउथ डकोटा, टेक्सस, फ्लोरिडा. तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही. मोटरहोमची किंमत साधारण १,२०,००० डॉलर. न्यू जर्सीत ६.६२५ टक्क्यांनी ७,९५० डॉलर सेल्स टॅक्स होतो, साउथ डकोटात ४ टक्क्यांनी ४,८००. म्हणून माझा कल साउथ डकोटाकडे आहे. एक रात्र राहिल्याची पावती दाखवली की लायसन्स मिळतं असंही कळलं.

मी ६७ वर्षांचा, मेडिकेअर ॲडव्हान्टेजवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या खाजगी कंपनीमार्फतच्या प्लॅनवर. ही ६३ची, अजून ग्रीन कार्डवर, यंदा सिटिझनशिपचा अर्ज करायचा विचार आहे. मुलगी डॅलसजवळ फ्रिस्कोला, मुलगा सॅन डिएगोला. मुलाचाच पत्ता देऊन टाका, असं मित्र म्हणतात. कोणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

सध्या मुक्काम लिव्हिंग्स्टन, टेक्सस – सोमवार

भाऊ, वहिनी, नमस्कार.

आम्ही २०१९मध्ये शिकागोजवळचं घर विकून फिफ्थ व्हीलमध्ये (पिकअपमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये) राहायला लागलो. तुमच्यासारखाच हिशेब करून साउथ डकोटा निवडलं. तेव्हा जे कोणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते.

तिथली सोय खरोखर चांगली आहे. टपाल सांभाळणाऱ्या कंपनीकडे खाजगी पेटी घ्यायची, टपालखात्याचा १५८३ नंबरचा फॉर्म नोटरीसमोर भरून द्यायचा. मग रॅपिड सिटीजवळ एका कॅम्पग्राउंडवर रात्र काढली, सकाळी पावती घेऊन लायसन्सच्या रांगेत उभे राहिलो. पावतीवर फक्त ह्यांचं नाव होतं. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे ह्यांचं काम केलं आणि मला परत पाठवलं. माझं नाव घालून आणली तेव्हा माझंही लायसन्स झालं. पाच वर्षांचं लायसन्स, गाडीची तपासणी नाही, नंबर प्लेट टपालाने. मतदानाचं मात्र तसं नाही. २०२३पासून तिथले नियम कडक होत गेले आहेत, एका रात्रीच्या पावतीवर विसंबू नका.

फेब्रुवारी २०२२मध्ये आम्ही ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात होतो. ह्यांच्या पोटात रात्री दुखायला लागलं. पित्ताशयाला सूज आणि संसर्ग. हॉस्पिटलात नळी घालून निचरा केला, आणि ऑपरेशन सहा आठवड्यांनी करू म्हणाले. तातडीच्या उपचारांचे पैसे इन्शुरन्सने दिले. पण ठरवून केलेलं ऑपरेशन नेटवर्कमध्येच, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांतच, करावं लागणार होतं, आणि हे तेव्हा ६२चे, मेडिकेअर नाही. आमच्या प्लॅनचं नेटवर्क साउथ डकोटापुरतं.

म्हणून मार्चमध्ये पोटाला नळी आणि पिशवी लावलेल्या नवऱ्याला शेजारी बसवून मी हजाराहून जास्त मैल गाडी हाकली. दर चार तासांनी कडेला थांबायचं, पिशवी रिकामी करायची, किती मिलीलिटर आणि रंग कसा ते वहीत लिहायचं. वायोमिंगमध्ये आय-२५वर वाऱ्यामुळे उंच आणि हलक्या गाड्यांना बंदी लागली, दोन रात्री शायेनमध्येच अडकलो. ट्रेलर वाऱ्याने हलत होता आणि हे झोपेत पिशवी हाताने धरून होते. ऑपरेशन नीट पार पडलं. पण आमच्या 'स्वतःच्या' राज्यात जेवण आणून देईल असं एकही माणूस आमच्या ओळखीचं नव्हतं.

पुढच्याच वर्षी आम्ही टेक्सस केलं. माझे दीर-जाऊ ह्यूस्टनला आहेत. इथल्या प्लॅनचं नेटवर्कही स्थानिकच आहे, पण ज्या गावात नेटवर्क आहे तिथेच आपली माणसं आहेत. इथे लिव्हिंग्स्टनला एस्केपीज या आरव्हीवाल्यांच्या क्लबचं मुख्य ठाणं आहे. क्लब १९७८पासून चालू आहे, टपाल त्यांच्याकडेच येतं. आवारातच केअर सेंटर आहे. वयामुळे किंवा आजारपणाने गाडी चालवता येईनाशी झाली, तर लोक आपापली आरव्ही तिथे उभी करून राहतात. दिवसा जेवण, औषधांना मदत, डॉक्टरकडे ने-आण. परवा तिथल्या जेवणघरात एक आजी भेटल्या, बाहेर त्यांची मोटरहोम उभी होती, टायरांवर कव्हरं घातलेली. मला ते बघून फार धीर आला.

भाऊ, तुमच्या मेलमध्ये टॅक्सचे आकडे तीन दशांशांपर्यंत आहेत, पण आजारी पडलात तर कुठे जाणार हे नाही. फ्रिस्कोची लेक शेवटच्या परिच्छेदात आली आहे. तिच्यापासून सुरुवात करा.

मेडिकेअर ॲडव्हान्टेजचंही बघा. ते ठरावीक भागापुरतं असतं. मूळ मेडिकेअर देशभर चालतं, जोडीला मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअर भरत नाही तो वाटा उचलणारा खाजगी विमा, घ्यायचं. एरवी ह्या वयात मेडिगॅपवाले तब्येत तपासून नकार देऊ शकतात. पण प्लॅनच्या भागाबाहेर राहायला गेल्यामुळे तुमचा ॲडव्हान्टेज प्लॅन संपतो, तेव्हा ६३ दिवसांपर्यंत काही ठरावीक मेडिगॅप प्लॅन त्यांना नाकारता येत नाहीत. ती मुदत चुकवू नका.

टेक्ससचा गाडीवरचा कर ६.२५ टक्के आहे, तो चुकत नाही. पण दुसऱ्या राज्यात आधीच तुमच्या नावावर नोंदलेली गाडी घेऊन राहायला आलात तर नव्या रहिवाशाचा ९० डॉलर कर लागतो. लायसन्स आठ वर्षांचं. गाडीचं वजन २६,००० पौंडांपेक्षा जास्त असेल तर वरच्या वर्गाचं लायसन्स लागतं. तुमच्या क्लास सीला त्याची काळजी नाही.

फोन करा, संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते.

ऑस्टिन, टेक्सस – सोमवार रात्री

काका, ताईंनी मुख्य ते सांगितलंच आहे. मी सीपीए (इथला सीए) आहे, म्हणून करापुरतं लिहितो.

डोमिसाइल एका वेळी एकच असतं, आणि नवं पक्कं होईपर्यंत जुनं सुटत नाही. न्यू जर्सीचं डोमिसाइल असताना नॉन-रेसिडेंट ठरायला तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: न्यू जर्सीत कायमचं घर नाही, बाहेर कायमचं घर आहे, आणि वर्षात न्यू जर्सीत ३० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नाही. आरव्हीवाल्यांची पंचाईत दुसऱ्या अटीत होते. म्हणजे तुम्ही नुसते फिरत राहिलात आणि नवं राज्य धड केलं नाहीत, तर न्यू जर्सी तुम्हाला आपलेच म्हणू शकतं. लायसन्स, नोंदणी, मतदान, मृत्युपत्र, डॉक्टर, सगळं एकाच राज्यात आणि शक्यतो एकाच महिन्यात हलवा. फ्लोरिडात निदान डिक्लरेशन ऑफ डोमिसाइल सर्किट कोर्टाच्या क्लर्ककडे नोंदवता येतं. बाकी ठिकाणी तुमचं वागणं हाच पुरावा.

सॅन डिएगोचा पत्ता देऊ नका. कॅलिफोर्नियात इन्कम टॅक्सचा वरचा दर १३.३ टक्के आहे. तिथे राहत नसताना तो पत्ता लावून रहिवासी असल्याचा पुरावा आपल्याच हाताने कशाला तयार करायचा? बँकांना खाजगी पेटी चालत नाही, राहण्याचा पत्ता हवा असतो, म्हणून लोक मुलांचा पत्ता देतात. माझ्या एका अशिलाचं खातं ह्याच कारणाने तीन आठवडे गोठलं होतं. फ्रिस्कोला वर्षातले दोन-तीन महिने खरोखर राहणार असाल तर मुलीचा पत्ता देणं खरं ठरेल. मग तो सगळीकडे तोच द्या.

क्लोजिंगच्या दिवशी तुम्ही न्यू जर्सीचेच रहिवासी असाल, तर जीआयटी/रेप-३ फॉर्मवर रहिवासी म्हणून सही करा. लोक ज्याला 'एक्झिट टॅक्स' म्हणतात तो वेगळा कर नाही, बाहेर जाणाऱ्याकडून घेतलेला आगाऊ भरणा आहे. पेन्शन आणि ४०१के (नोकरीतल्या निवृत्ती बचतीचं खातं) यांची चिंता नको. १९९६च्या केंद्रीय कायद्याने सोडून आलेल्या राज्याला त्यावर कर लावता येत नाही.

काकूंच्या अर्जाबद्दल. टॅक्समध्ये तुमचा हेतू बघतात, सिटिझनशिपमध्ये हेतू नाही, प्रत्यक्ष मुक्काम कुठे ते बघतात. अर्जाआधी त्या राज्यात किंवा यूएससीआयएसच्या (सिटिझनशिपचं काम बघणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) जिल्ह्यात तीन महिने राहिलेलं असावं लागतं. आज एडिसनच्या घरात तुम्ही ते सहज दाखवू शकता, टपालपेटीतून दाखवणं अवघड जाईल. एन-४००, म्हणजे सिटिझनशिपचा अर्ज, घर सोडण्याआधी भरा. नंतर पत्ता बदलला की १० दिवसांत कळवायचं, ते ग्रीन कार्डवाल्यांना बंधनकारक आहे.

सिॲटल – मंगळवार

काका, एक छोटी गोष्ट. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) किंवा भारतीय पासपोर्टचं काम पत्त्याच्या राज्याप्रमाणे भारताच्या वकिलातीकडे जातं. टेक्सस ह्यूस्टनकडे, फ्लोरिडा अटलांटाकडे. साउथ डकोटा २०२३मध्ये उघडलेल्या सिॲटलच्या वकिलातीकडे येतं. इथे आलात तर आमच्याकडे उतरा, ड्राइव्हवेत ३१ फूट मावतात.

एडिसन, न्यू जर्सी – गुरुवार

सर्वांना नमस्कार. आज मी लिहितेय, ह्यांनी फक्त वाचून पाहिलंय.

ताईंची मेल मी दोनदा वाचली. पिशवीचा रंग वहीत लिहायचा, तिथे थांबले आणि ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. नंतर आम्ही लेकीला फोन केला. आई, मला वाटलं तुम्ही मला विचारणारच नाही, म्हणाली. तिच्याकडे खाली एक खोली आहे. नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही तिथेच राहायचं ठरलं, फ्रिस्कोचा पत्ता, टेक्ससचं लायसन्स. गाडी आता फ्रिस्कोला पोचल्यावरच घेऊ, तोवर आमची जुनी व्हॅन आहे. कर ७,५०० डॉलर बसेल, साउथ डकोटापेक्षा २,७०० जास्त. ह्यांनी तो आकडा कागदावर लिहिला आणि कागद बाजूला ठेवला.

माझा एन-४०० काल रात्री ऑनलाइन भरला. मेडिगॅपसाठी ह्यांनी कॅलेंडरवर ६३ दिवस मोजून लाल खूण केली आहे. ताई, ऑक्टोबरात लिव्हिंग्स्टनला येतो, केअर सेंटर आम्हाला बघायचंय.

आणि मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती: गणपतीचं मखर, दोन मोठी पातेली आणि सतरंज्या अजून आमच्या गॅरेजमध्ये आहेत. क्लोजिंग १८ तारखेला आहे. १५च्या आत कोणीतरी व्हॅन घेऊन या. मखराचा डावा खांब सैल झालाय, उचलताना खालून धरा.