किहारांचं ब्रेसलेट ओमाहाचं
जपानचे पोकरपटू नाओया किहारांचं २०१२चं ब्रेसलेट (वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधली स्पर्धा जिंकल्यावर मिळणारं कडं) होल्डेम या पोकर प्रकारातलं असल्याचं एका ठिकाणी म्हटलंय. ते पॉट-लिमिट ओमाहा या दुसऱ्या पोकर प्रकारातलं आहे: प्रवेश शुल्क ५,००० डॉलर, टेबलावर सहाच खेळाडू, पहिलं बक्षीस ५,१२,०२९ डॉलर. वर्ल्ड सिरीजमधलं जपानचं हे पहिलंच ब्रेसलेट, म्हणून नेमकं नोंदवायला हवं.

खेळात फरक फार मोठा. हातात चार पानं, पण वापरायची बरोब्बर दोन. होल्डेमवाले इथेच हमखास फसतात: टेबलावर बदामाची चार पानं, हातात बदामचा एकटा एक्का, तरी फ्लश (एकाच रंगाची पाच पानं, इथे सगळी बदामाची) नाहीच, कारण हातातली दोन बदामं लागतात! बोलीलाही मर्यादा. पॉट (टेबलावर जमलेली रक्कम) १,०००, समोरच्याने ५०० लावले, तर आधी तुमचा ५००चा कॉल (त्याच्याइतकीच रक्कम भरणं) धरायचा. पॉट झाला २,०००, तेवढंच वर चढवता येतं. एकूण २,५००. त्यामुळे भरपूर चिप्स असल्या तरी एका फटक्यात सगळ्या ढकलून समोरच्याला पळवता येत नाही.