सेटबॅक नेमका कुठून मोजायचा? कोपऱ्याचा प्लॉट, त्यात रस्तारुंदी (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

घरावर एक मजला आणि मागे जिना, एवढंच काम काढायचंय. त्यापायी महापालिकेची नियमावली घेऊन बसलोय आणि तीन संध्याकाळी गेल्या.

प्लॉट १२ बाय १८ मीटर, कोपऱ्यावरचा. १२ मीटरची बाजू मुख्य रस्त्याला. झोन निवासी, त्यात वाद नाही. तक्त्याप्रमाणे सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून भिंतीपर्यंत मोकळं सोडायचं सामासिक अंतर, पुढे ३ मीटर, बाजूंना आणि मागे दीड-दीड. टेप घेऊन कुंपणापासून भिंतीपर्यंत मोजलं, पुढे ३.६ भरले. म्हटलं, सुटलो!

मग विकास आराखडा पाहिला. पुढचा ६ मीटरचा रस्ता तिथे ९ मीटरचा दाखवलाय, म्हणजे दोन्हीकडून दीड-दीड मीटर जाणार. आता सामासिक अंतर आजच्या कुंपणापासून धरायचं की कागदावरच्या रेषेपासून? कागदावरची धरली तर ३.६ चे २.१ होतात. घर तर तीस वर्षं तिथेच उभं आहे.

शिवाय तळटीपेत एक वाक्य सापडलं, की कोपऱ्याच्या प्लॉटला दोन्ही रस्त्यांकडे पुढचंच अंतर लागू. तळटीपेत! तसं असेल तर बांधायला रुंदी ९ ऐवजी साडेसात मीटर उरते.

आणि मागच्या दीड मीटरच्या पट्टीत उघडा लोखंडी जिना चालतो का? शेजाऱ्यांनी केलाय, पण तो काही पुरावा नव्हे.

(नेटवर 'सेटबॅक' शोधलं तर न्यूयॉर्कचा १९१६ चा नियम निघाला. रस्त्यावर ऊन-वारा पोचावा म्हणून उंच इमारतींचे वरचे मजले पायऱ्यांसारखे मागे घ्यायचे. वाचायला मजा आली, उपयोग शून्य.)

प्रतिसाद:
रेषा कागदावरचीच धरतात. रस्ता उद्या रुंद झाला की नव्या भिंती आड येऊ नयेत, हाच तर हेतू. जुनं घर सहसा आहे तसं राहू देतात, पण नवं काम नव्या नियमाने. तळटीपही खरी असणार, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. जिन्यासाठी 'सामासिक जागेत अनुज्ञेय बाबी' असं प्रकरण शोधा. छज्जा किती बाहेर चालेल, जिना चालेल का, तिथेच मिळेल.

एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम चालतं ते) वेगळा बघा. सेटबॅक सांगतो कुठे बांधायचं, एफएसआय सांगतो एकूण किती. १ असेल तर २१६ चौरस मीटर, पण रस्त्यात जाणारे १८ त्यात धरतात का ते लेखी विचारा. तोंडी उत्तरावर नकाशा काढून घेऊ नका.

धागाकर्ता:
आभार! पुन्हा टेप लावली. बाजूच्या रस्त्याकडे १.८ च भरतात. म्हणजे वरचा मजला पुढून ०.९ आणि बाजूने १.२ मीटर आत. माझं न्यूयॉर्कच झालं की!

पण मग वरच्या भिंती खालच्या भिंतींवर येत नाहीत, नुसत्या स्लॅबवर येतात. खाली बीम नाही. असं काम कुणी केलंय का? स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जाताना जुने नकाशे सोडून आणखी काय न्यावं?