विणलेलं, शिवलेलं, कुणाला तरी दिलेलं: तुमचे अनुभव सांगा

चिंधीबाई

खालच्या मजल्यावरची चिमुरडी परवा दारात. "काकू, शाळेत टाकाऊतून टिकाऊ आहे, बाहुली करायचीय, चिंध्या आहेत का?" चिंध्या! आणि त्या मला विचारतेय! दोन पिशव्या काढल्या आणि तिथेच फतकल मारून बसले, कारण तळाशी ब्लाउजपीसचे ते तुकडे निघाले, आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या वेळचे.

१९९३ साल. किल्लारीचा भूकंप झाला ती ३० सप्टेंबरची पहाट, आदल्याच दिवशी गणपती विसर्जन. मिरवणुकीचा शीण उतरायच्या आत पेठांमधून मदतीचे ढीग जमायला लागले. कपडेच कपडे. माझी आत्या त्या ढिगापाशी बसून एकेक कपडा उलगडून बघायची. फाटकं काही दिसलं की देणाऱ्याला हाक मारून परत. "घरात घालशील का रे हे? मग तिकडे कशाला?" काही लोक दुखावले. तिला शष्प फरक पडला नाही.

मग बायकांनी ठरवलं, पोरांसाठी बाहुल्या करू. यावरून समोरच्या खोलीतले आजोबा तडकले. तिकडे माणसं उघड्यावर आणि तुम्ही बाहुल्या कसल्या पाठवता? पत्रे पाठवा, चादरी पाठवा. त्यांचंही बरोबरच होतं. चादरी आधी गेल्याच. पण बाहुल्याही झाल्या, रात्री जेवणं आटोपल्यावर, ओटीवरच्या दिव्याखाली. अंग जुन्या मऊ धोतराचं, पोटात उशीतला सावरीचा कापूस, नाकडोळे काळ्या-लाल दोऱ्याने भरलेले. बटण एकही नाही, लहान मुलं गिळतात. अडलं ते केसांपाशी. काळी लोकर कुणाकडेच नव्हती. आत्या उठली, ट्रंकेतून स्वतःचं गंगावन काढलं आणि कात्री लावली. लग्नातलं होतं ते. पहिल्या बाहुलीला वेणी घालून, वर लाल रिबीन बांधून म्हणाली, "चला, हिला आता कुणी तरी विंचरेल."

वाड्यातला एक मुलगा ट्रकबरोबर गेला होता. परत आल्यावर त्याला आत्याने खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, पोरींनी आधी वेण्या सोडल्या. सोडायच्या आणि परत घालायच्या, दिवसभर तोच उद्योग.

तर मंडळी, कुणी विणून, शिवून, क्रोशाने काही करून कुठे दिलंय का? घेणाऱ्यांनी काय केलं त्याचं, तेही लिहा. पैशाच्या देणग्या इथे नकोत, त्याला दुसरा धागा आहे.

लेकुरवाळी

गंगावन!! मेले मी. आमच्याकडे आजीचं गंगावन गॅदरिंगला द्रौपदीच्या डोक्यावर जायचं आणि द्रौपदी होता माझा भाऊ.

उलटसुलट

मस्त धागा. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता पोळ्या चालू आहेत.

निवृत्त सिस्टर

सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या कक्षात अख्खी नोकरी गेली. स्पष्ट लिहिते, राग मानू नका. टोप्या खूप येतात, पण सहा महिन्यांच्या बाळाच्या मापाच्या. दीड किलोच्या बाळाचं डोकं मोसंबीएवढं, घेर २८ सेंटिमीटरच्या आसपास. मोठी टोपी घसरून नाकावर येते, मग ती काढून ठेवावी लागते. लहान करा, अजून लहान करा. गोंडा नको, मणी नको, गळ्याखाली बांधायच्या नाड्या तर अजिबात नकोत. जाळीचा टाका दिसायला छान, पण मोज्यात बाळाची बोटं अडकतात, म्हणून गच्च वीण घ्या. लोकर मऊ, शक्यतो सुतीच दोरा. झगुलं केलंत तर पुढून पूर्ण उघडणारं करा, सलाईन आणि वायरी असतात, डोक्यातून घालता येत नाही. आणि धुऊन द्या. नव्या लोकरीलाही दुकानातली धूळ असते.

कांगारू पद्धतीत बाळ आईच्या छातीशी उघडंच धरतात, अंगावर टोपी, लंगोट आणि मोजे एवढंच. म्हणजे टोपीवर केवढी मदार बघा.

चिंधीबाई

सिस्टर, यात राग कसला! हे छापून लोकरीच्या प्रत्येक दुकानात लावायला हवं.

क्रोशाक्रोशा

सिस्टर, ते ऑक्टोपसचं खरं आहे का? दोऱ्याचा ऑक्टोपस काचपेटीत ठेवतात, बाळ त्याचे पाय धरतं, नाळ धरल्यासारखं वाटतं वगैरे. मी चार करून ठेवलेत.

निवृत्त सिस्टर

डेन्मार्कमध्ये २०१३ ला सुरू झालं ते. बाळं पाय धरतात हे खरं, नळ्या ओढायच्या ऐवजी ऑक्टोपस ओढतात. पण त्याने श्वास सुधारतो, ठोके सुधारतात म्हणतात ना, त्याला भक्कम पुरावा नाही. आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने कित्येक ठिकाणी आत घेऊच देत नाहीत. आधी फोन करून विचारा. पाय लांब ठेवू नका, ताणून २२ सेंटिमीटरच्या आत. नाही घेतले तर बाहेर ताटकळणाऱ्या थोरल्या भावंडांना द्या, त्यांच्याकडे कुणी बघतच नाही.

क्रोशाक्रोशा

हे सुचलंच नव्हतं. धन्यवाद _/\_

पेठकर काका

किल्लारीवरून आठवलं. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. आम्ही नदीकाठचे, सामानसुमान सगळं वाहून गेलं. त्यात आईची सुयांची पेटी. पुढच्या वर्षी चीनचं युद्ध. जवानांसाठी स्वेटर विणायची लाट आली, घरोघरी बायका त्याच कामाला. आईने उसन्या सुयांवर विणलं. हिरवट लोकर होती, आम्हा भावंडांना हात लावायची परवानगी नव्हती. लडी सोडवायला मात्र मीच, दोन्ही हात पुढे करून अर्धा तास उभा. हात खाली आला की पाठीत धपाटा. आपल्याकडे वर्षापूर्वी लोकांनी दिलेली भांडी होती आणि आई हिमालयातल्या कुणासाठी विणतेय, हे त्या वयात विचित्र वाटायचं. तिला विचारलं तर म्हणाली, "आपलं देणं लागतं." बस. पुढची ओळ मोजायला लागली.

लेकुरवाळी

काका, पानशेतवर वेगळा धागा काढाच.

पेठकर काका

काढतो. मोबाईलवर टाईप करून बोट दुखतंय.

हत्तीवाला

मी पुरुष आहे, आयटीत आहे आणि क्रोशाने हत्ती करतो. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे "वहिनींनी केले का" हा प्रश्न येणार नाही. कंपनीच्या बसमध्ये हिंजवडीला जाता-येता सोंडा होतात. ट्रॅफिक असला तर कानही. आमच्या चौकाने मला अख्खा कळप करून दिलाय.

पहिल्यांदा अंगणवाडीत द्यायला गेलो. तिथल्या ताईंनी पिशवी उघडून बघितली आणि एकच विचारलं, किती आणलेत? मुलं त्याहून जास्त होती. ताईंनी पिशवी बंद करून कपाटात ठेवली. म्हणाल्या, दादा, वाटायला काढले तर रणकंदन होईल. अंगणवाडीचे म्हणून राहू द्या, मी गोष्ट सांगताना काढत जाईन. दुसरं, सगळे एका रंगाचे करा, गुलाबी एकच असला की त्याच्यावरून केस उपटतात. तेव्हापासून माझे सगळे हत्ती राखाडी. डोळे दोऱ्याचेच भरतो, प्लास्टिकचे लॉकवाले मिळतात पण तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नको वाटतं.

स्पष्टवक्ता पुणे ३०

सगळ्यांचं कौतुक आहे, पण हिशेब मांडतो. एका स्वेटरला लागणाऱ्या चांगल्या लोकरीत दोन तयार स्वेटर येतात. तुमचा वेळ धरला तर विचारूच नका. खरंच गरजूंसाठी करायचं असेल तर पैसे द्या. विणायची हौस असेल तर हौस म्हणा, त्याला समाजसेवा म्हणू नका. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

उलटसुलट

आले. आणि आल्या आल्या हे वाचलं :) स्पष्टवक्ते, हौस आहेच की. हौसेने विणते आणि विणून झालेलं घरात मावत नाही. नवऱ्याकडे स्वेटर इतके झालेत की तो आता उन्हाळ्याची वाट बघतो.

२०१६ मध्ये चेन्नईच्या गटाने क्रोशाचं सगळ्यात मोठं ब्लँकेट करून गिनीजमध्ये नोंदवलं ना, ११,१४८.५ चौरस मीटर, त्यात माझेही तुकडे होते, कुरिअरने पाठवलेले. विक्रम झाल्यावर उसवून सुटी ब्लँकेटं वाटली. माझ्या मोरपंखी तुकड्यावर कोण झोपतं कुणास ठाऊक.

भीमथडी

स्पष्टवक्ते यांना उत्तर. ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवते, कारखान्याच्या तळावर. मला तयार स्वेटर चालतात, पैसेही चालतात, विणलेलंही चालतं. पण फरक सांगते. गेल्या हंगामात एका आईने पोराचा आखूड झालेला विणलेला स्वेटर उसवला, त्याच लोकरीची धाकट्याला टोपी विणली. सुया कुठल्या? सायकलच्या चाकाच्या तारा, टोकं दगडावर घासलेली. कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या दारात बसून, चुलीवर भाकरी, मधल्या वेळात दोन ओळी. तयार स्वेटर फाटला की फडकं होतो.

आता देणाऱ्यांसाठी. टोळ्या बीडकडून दिवाळीच्या सुमारास येतात. तुमच्या पिशव्या संक्रांतीला येतात. थंडी निम्मी सरलेली असते हो! नोव्हेंबरात द्या. गाड्या रात्रीच फडावर निघतात, पोरं त्याच गाडीत झोपलेली, तेव्हाच कानटोपी लागते. रंग गडद द्या, चॉकलेटी, जांभळा, बाटलीसारखा हिरवा. पांढरं आणि बेबी पिंक इथे चिखलात दोन दिवसही टिकत नाही आणि पाण्यासाठी बायांना किती चालावं लागतं ते बघायला या एकदा. माप वाढत्या अंगाचं. आणि बायकांसाठी कुणी काहीच विणत नाही. सगळ्यांना गोंडस पोरं हवी असतात. पहाटे कोयता धरणारीला बिनबाह्यांचं जाड जाकीट द्या, ते ती रोज घालेल.

चिंधीबाई

भीमथडी, जाकिटाचं पटलं. आमच्या सहकारनगरच्या गटात आजच बोलते. माप कळवाल का, मेसेज करते.

स्पष्टवक्ता पुणे ३०

सायकलच्या तारांपुढे माझा हिशेब मागे घेतो. निम्मा. लोकरीचे पैसे मी देतो, विणायला सांगू नका.

हत्तीवाला

बघा, पुणे ३० ने पैसे काढले, धाग्याचं सार्थक झालं :ड

साधी सरळ

एरवी वाचनमात्र असते. माझं उलट आहे, मी घेणारी. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, एक बाजू सपाट. आत घालायचं सिलिकॉनचं कृत्रिम स्तन बघितलं, किंमत ऐकून गप्प बसले, शिवाय एप्रिलात त्याच्याखाली घामाने पुरळ येतं म्हणतात. तपासणीला गेले तेव्हा तिथल्या एका ताईंनी सुती दोऱ्याचं विणलेलं दिलं, फुकट. आत फायबरचा कापूस, मागे नाडीने आवळलेलं तोंड, तो काढून धुता येतं, कापूस कमी-जास्त करून माप जुळवता येतं. वजन नाही जवळपास. जाड सुती साडीच्या ब्लाउजमध्ये कुणाच्या बापाला कळत नाही. विणणारीने मध्यभागी टोक पण काढलं होतं नीट, टाके कमी करत करत. मी आणि बहीण रिक्षात इतक्या हसलो की रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. ती बाई कोण माहीत नाही. फिका बदामी रंग होता, म्हणजे तिने विचार करून निवडला असणार.

उलटसुलट

साधी सरळ, मिठी. याची वीण येते मला, पाच सुयांवर गोल. गरज असेल तर कळव, जोडी करून देते, कापसासकट.

साधी सरळ

एकच पुरे गं, दुसरी बाजू कंपनीची आहे.

लेकुरवाळी

:ड :ड काय बाई आहे ही!

मंडईकर

वेगळा प्रश्न. सुती दोरा आणि भरायचं फायबर पुण्यात एकाच ठिकाणी कुठे मिळेल? ऑनलाईन रंग भलतेच येतात.

क्रोशाक्रोशा

रविवार पेठ. गाडी नेऊ नकोस, मेट्रोने मंडईला उतर आणि चाल. फायबर किलोवर घे, उशीवाल्यांकडे स्वस्त पडतं. तुळशीबागेत शिरू नकोस, दोरा राहील बाजूला आणि तू कानातली घेऊन येशील.

मंडईकर

आयडी बघ माझा. मंडईचा रस्ता मला सांगतेस? :)

शिकाऊ

सगळे अनुभव वाचून हात शिवशिवतायत. पण मी डावरी. आईने, काकूने, सगळ्यांनी हात टेकले. यूट्यूबवर पण सगळं उजव्या हाताचं.

निवृत्त सिस्टर

समोरासमोर बस शिकवणाऱ्याच्या, शेजारी नको. तिचा उजवा तो तुझा डावा.

हत्तीवाला

किंवा व्हिडिओ आडवा उलटून बघ, मिरर करता येतो. मीही डावराच आहे. शनिवारी वेळ असेल तर कोथरूडला ये, साखळी आणि मुका खांब हे क्रोशाचे टाके तासात शिकवतो. फक्त राखाडी दोरा मिळेल.