चेनसॉचा काप दरवेळी उजवीकडे वळतो: दोष चेनचा की बारचा?

शेंडेकापू
१४ इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी), ३/८ इंच लो प्रोफाइल चेन, १.३ मिमी गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी). आडव्या पडलेल्या खोडाचे तुकडे करताना काप सरळ सुरू होतो, पण बार निम्मा आत गेला की उजवीकडे सरकायला लागतो. बारीक फांदीत जाणवत नाही, जाड ओंडक्यात मात्र बार अडकतो. वरून खाली दाबल्याशिवाय करवत आत जात नाही, भुसा पिठासारखा पडतो आणि बारच्या टोकाकडून धूर येतो. तेलाची टाकी भरलेली असते. धार ४ मिमी गोल कानशीने हातानेच लावतो. नवी चेन घेण्याआधी काय काय तपासावं?

कानसवाला
करवत नेहमी जास्त कापणाऱ्या दातांच्या बाजूला ओढली जाते. उजवीकडे वळतेय म्हणजे पहिला संशय डाव्या दातांवर: ते बोथट आहेत, आखूड आहेत किंवा त्यांच्यापुढचे रेकर (दात लाकडात किती खोल जाईल ते ठरवणारे उंचवटे) उंच राहिलेत. हाताने धार लावणाऱ्यांकडे हे हमखास होतं. एका बाजूला हात सहज चालतो, दुसऱ्या बाजूला मनगट मुरडावं लागतं, त्यामुळे तिथे दाबही कमी पडतो आणि कोनही बदलतो.

उजेडात दाताची कड बघा. धारदार कडेवरून उजेड परतत नाही. पांढरी चमकती रेघ दिसली की ती कड गोल झालीय. वरची कड बघून थांबू नका, वरच्या आणि बाजूच्या कडा मिळतात तो कोपरा बघा. खरं कापायचं काम तो कोपरा करतो, आणि दगड-मातीचा पहिला मारही त्यालाच बसतो. कोपऱ्यावर चमक असेल तर ती पूर्ण जाईपर्यंत दात मागे घासावा लागतो. वरवर दोन हात मारून काही होत नाही.

मग व्हर्नियर घेऊन दोन्ही बाजूंच्या सगळ्या दातांची लांबी मोजा आणि आकडे इथे टाका.

बारभाई
चेनवरच थांबू नका, बारही बघा. इंजिन बंद, प्लग कॅप काढलेली, चेन बारवर नीट ताणलेली. एक सरळ पोलादी पट्टी बारच्या बाजूला अशी धरा की ती एका दाताच्या बाहेरच्या अंगालाही टेकेल. पट्टी आणि बार यांच्यात फट दिसली तर ठीक. फट नसेल, तर चेन त्या बाजूला कलतेय, म्हणजे बारची खाच रुंद झालीय किंवा खाचेची एक कड झिजलीय. दोन्ही बाजूंनी करून बघा.

नंतर चेन उतरवून बार सपाट काचेवर कडेवर उभा करा आणि गुण्या लावा. काटकोनात उभा राहिला नाही तर दोन कडांची उंची वेगळी आहे. ती सपाट कानशीने, बार शिकंज्यात धरून, सारखी करता येते. रुंद झालेली खाच मात्र ठोकून बंद करायच्या फंदात पडू नका, बार बदला.

धुराबद्दल: टाकी भरलेली असणं म्हणजे बारला तेल मिळणं नव्हे. बारच्या मागच्या टोकाला तेलाचं बारीक भोक असतं, ते भुसा आणि तेलाच्या चिखलाने बुजतं. पातळ तारेने मोकळं करा, खाच पत्र्याच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढा. परत जोडल्यावर फिक्या रंगाच्या ओंडक्यापासून वीतभर अंतरावर टोक धरून वेग द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे. साधारण एक टाकी इंधनामागे तेलाची टाकीही बरीचशी रिकामी व्हायला हवी. ती भरलेलीच राहत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

झटपट
एवढं कशाला? रेकर सपाट कानशीने चांगले खाली घ्या, चेन आपोआप आत ओढेल. दाबायची गरजच उरणार नाही.

कानसवाला
हा सल्ला कृपया कोणी घेऊ नका. दाताच्या टोकापेक्षा रेकर किती खाली आहे त्यावर एका फेरीत दात किती जाड ढलपी उचलणार ते ठरतं. या चेनला तो फरक ०.६५ मिमी. तो वाढवला की दात झेपेल त्याहून जास्त लाकूड पकडतो: करवत धक्के खाते, क्लच घसरून तापतो. सगळ्यात वाईट म्हणजे बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश कशाला लागला तर करवत जोरात उलटी अंगावर येते. झाडावर एक हात फांदीला असताना हे परवडणारं नाही. बोथट दातावर उपाय धार लावणं हाच. रेकर मोजूनच घासायचा, अंदाजाने नाही.

शेंडेकापू
मोजलं. उजवे दात सरासरी ७.१ मिमी, डावे ६.४. डाव्या बाजूला दोन दातांच्या कोपऱ्यावर चमक आहे. पट्टी लावली तर दोन्ही बाजूंना फट दिसते, बार काचेवर सरळ उभा राहतो. तेलाचं भोक मात्र पूर्ण बुजलेलं निघालं.

कानसवाला
म्हणजे बार वाचला. आता क्रम असा ठेवा.

बार शिकंज्यात घट्ट धरा. साइटवर असाल तर ओंडक्यात ठोकायचा छोटा शिकंजा चालतो. चेन ब्रेक लावा. चेन पुढे सरकवताना तेवढा सोडा. हातमोजे घाला. सगळ्यात आखूड दात शोधून त्यावर मार्करने खूण करा. आधी त्या दोन डाव्या दातांची चमक घालवा. त्यात ते ६.२ ला आले तर आता ६.२ हेच तुमचं माप, बाकी सगळे दात, उजवे धरून, तिथपर्यंत आणायचे. जिवावर येतं, पण अर्धवट केलं तर चेन वळतच राहील.

दाताच्या माथ्यावर मागच्या भागात कोनाची कोरलेली रेघ असते, बहुतेक चेनना ३० अंश. कानस त्या रेघेला समांतर, आडवी. कानशीच्या जाडीचा पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर दिसला पाहिजे, ४ मिमीला ०.८ मिमी. जास्त खाली गेलात तर धार आकड्यासारखी वळते, झक्क कापते आणि लगेच मरते. जास्त वर ठेवलीत तर कड बोथट कोनाची होते, आत शिरतच नाही. ढकल आतून बाहेर, परत येताना कानस उचलायची. मागे घासत आणली की कानशीचेच दात जातात. एका बाजूचे सगळे दात संपवा, मग करवत फिरवून दुसरी बाजू. शक्य असेल तर शरीराची जागा बदला, मनगट नाही.

आता लोक विसरतात तो भाग. दाताचा माथा मागे उतरता असतो, म्हणून दात आखूड झाला की त्याची उंचीही कमी होते आणि रेकर आपोआप उंच ठरतो. तुम्ही उजवे दात जवळजवळ मिलिमीटरभर मागे नेणार, तेव्हा तिथले रेकर तपासलेच पाहिजेत. रेकर गेज (रेकरची उंची तपासायची पट्टी) ठेवा, वर डोकावेल तेवढंच सपाट कानशीने काढा आणि पुढचा कोपरा पुन्हा गोल करा. एरवी तीन-चार वेळा धार लावल्यावर एकदा रेकर बघितला तरी चालतं.

दात ४ मिमीच्या खाली गेला किंवा झिजेच्या खुणेपर्यंत आला की चेन भंगारात.

दोरखंड
झाडावर काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. वर बसून धार लावायचा हट्ट धरू नका. धार लावलेली एक चेन खाली किंवा कमरेच्या पाऊचमध्ये ठेवा, ढलप्यांऐवजी पीठ पडायला लागलं की करवत खाली सोडून बदलून घ्या. वाळलेलं लाकूड मात्र चांगल्या धारेलाही बारीक भुसा देतं, तेव्हा दाब किती लागतोय त्यावरून ठरवा. बुंध्याजवळ, चिखल लागलेल्या सालीत काप घ्यायचा असेल तर आधी साल कुऱ्हाडीने सोलून घ्या. अशा कामाला फुल चिझेलपेक्षा (टोकदार कोपऱ्याच्या दातांपेक्षा) सेमी चिझेल दात बरे, वेगाला किंचित कमी पण कोपरा गोलसर असल्याने धार टिकते.

बारभाई
चेन परत चढवताना बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. टोक हाताने वर उचलून धरूनच नट आवळा. खालची बाजू बारला टेकलेली आणि चेन हाताने सहज फिरणारी हवी. गरम चेन ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करा, नाहीतर थंड होऊन आखडते आणि क्रँकशाफ्टवर ताण येतो.

आणि स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) बघा. दातांवर चेनने अर्ध्या मिलिमीटरची खाच पाडली असेल तर तो बदला. अशा स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर तीही थोड्याच दिवसांत सैल पडते. दोन चेन आलटून पालटून वापरायच्या आणि दोन्ही संपल्या की त्यांच्यासोबत स्प्रॉकेट नवा, हा हिशेब ठेवा.